हवेचा बाजार आणि आमच्या पऱ्हाट्या

फेब्रुवारी संपता संपता शेगावहून वरवट बकालमार्गे संग्रामपूरला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट हमखास दिसेल. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते, शेत रिकामं करायची घाई असते आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचलेले असतात. त्यातल्या थोड्या चुलीसाठी घरी जातात, बाकीच्यांना संध्याकाळी काडी लागते. कृषी विभागही दरवर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम ठोकेल. म्हणजे पऱ्हाटी ही आमच्याकडे लवकरात लवकर निकालात काढायची वस्तू! तिला डॉलरमध्ये भाव आहे असं कोणी सांगितलं तर पारावरचे लोक हसतील.

पण जानेवारी २०२६ मध्ये नेमकी अशीच बातमी आली. मायक्रोसॉफ्टने 'वराह' नावाच्या भारतीय कंपनीशी करार केला आणि पुढच्या काही वर्षांत एक लाख टनांहून जास्त कार्बन क्रेडिट विकत घ्यायचं ठरवलं. ही क्रेडिट्स तयार होणार कशातून, तर महाराष्ट्रातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांमधून. ही बातमी मी घरी आबांना वाचून दाखवली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पऱ्हाटी नेतीन हे समजलं. पन ते इकत काय घेऊन राह्यले?"

मला वाटतं, कार्बन ट्रेडिंगवर आजवर विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ग्रीनहाऊस इफेक्ट'ची डेफिनेशन मला झोपेतही पाठ होती. पण या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येईना. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न.

तर मायक्रोसॉफ्टला पऱ्हाटी नको आहे. तिचा कोळसाही नको आहे. त्यांना हवा आहे एक दाखला. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून कमी झाला (किंवा जाणार होता तो गेला नाही) असा कागद. त्या एका टनाच्या दाखल्याला म्हणायचं एक कार्बन क्रेडिट. कंपनी स्वतःच्या डेटा सेंटर्समुळे जो धूर होतो, त्याच्या हिशेबात हा दाखला वजा करून दाखवते. कार्बन डायऑक्साइड हवेत सगळीकडे सारखा मिसळतो, अमेरिकेत कमी झाला काय आणि वानखेडला झाला काय, वातावरणाला फरक पडत नाही. पण तो कमी करायचा खर्च मात्र जागेनुसार खूप बदलतो. जिथे स्वस्त पडेल तिथे कमी करा आणि ज्याला महाग पडतं त्याने पैसे द्यावेत, एवढीच या बाजारामागची आयडिया आहे. ऐकायला अगदी साधी.

गुंता पुढे आहे. या बाजाराचे दोन प्रकार आहेत आणि पेपरवाले दोन्हींना एकच नाव देतात. होस्टेलच्या मेसचं उदाहरण घेऊ या. समजा उद्या रेक्टर सरांनी ठरवलं की महिन्याला प्रत्येकाला फक्त १५० पोळ्यांची कुपनं मिळतील. जो शनिवार-रविवार गावी जातो त्याची कुपनं उरतील, तो ती जिममध्ये जाणाऱ्याला विकेल. एकूण पोळ्या ठरलेल्या आहेत, त्या वाढणार नाहीत. हा झाला पहिला प्रकार, मर्यादा घालून व्यापार. युरोपियन युनियनने २००५ पासून कारखाने आणि वीजकेंद्रांसाठी हेच चालू केलं.

दुसरा प्रकार वेगळा. शेजारच्या होस्टेलमध्ये कुपनांची मर्यादाच नाही. तिथला एक मुलगा येऊन म्हणतो, "मी आज सहा पोळ्या खाणार होतो, चारच खाल्ल्या. वाचलेल्या दोन पोळ्यांचे पैसे द्या." त्याने चार खाल्ल्या हे ताटात दिसतं. पण तो सहा खाणार होता हे कोणी ठरवायचं? तोच सांगणार! आणि पैसे मिळतात म्हटल्यावर उद्या तो म्हणेल की मी दहा खाणार होतो. या 'खाणार होतो'ला त्या क्षेत्राच्या भाषेत बेसलाइन म्हणतात. कार्बन क्रेडिट म्हणजे प्रत्यक्ष जे घडलं आणि जे घडलं असतं असं कागदावर लिहिलंय, त्यातला फरक. विकला जातो तो हा फरक. त्यामुळे या धंद्यात मशीनपेक्षा कागद महत्त्वाचा ठरतो, आणि लबाडी होते तीही बहुतेक त्याच कागदात.

आशिया या दुसऱ्या प्रकारच्या बाजारात पहिल्यापासून आहे. १९९७ च्या क्योटो कराराने श्रीमंत देशांवर बंधन घातलं आणि त्यांना सूट दिली की गरीब देशात एखादा प्रकल्प उभा करून तिथली क्रेडिट्स विकत घ्या. याचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, थोडक्यात सीडीएम. करार प्रत्यक्ष लागू झाला १६ फेब्रुवारी २००५ ला. या योजनेत सगळ्यात जास्त क्रेडिट्स चीनने कमावली आणि त्याच्यामागे भारत. आपल्याकडे पवनचक्क्या, साखर कारखान्यांतली बगॅसवरची वीज, सिमेंट, अगदी दिल्ली मेट्रोसुद्धा यात आली. मेट्रोची गाडी ब्रेक लावते तेव्हा मोटर उलटी जनरेटरसारखी चालून वीज परत तारेत सोडते (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको). त्या वाचलेल्या विजेवर दिल्ली मेट्रोने २००७ मध्ये क्रेडिटची नोंदणी केली.

सीडीएमच्या यादीत नोंदणी क्रमांक ०००१ कोणाचा होता माहीत आहे? गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्याचा. फ्रीजचा गॅस बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक नको असलेला वायू बाजूला निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापवतो असं तेव्हा धरलं होतं. म्हणजे एक टन एचएफसी-२३ भट्टीत जाळला की ११,७०० क्रेडिट्स! जाळायचा खर्च किरकोळ आणि क्रेडिटचा भाव युरोत. चीनमध्ये आणि आपल्याकडे अशा कारखान्यांनी धो धो कमाई केली. मग लोकांच्या लक्षात आलं की मूळ मालापेक्षा कचरा जाळणंच जास्त फायद्याचं झालंय, आणि अशा वेळी कचरा कमी व्हावा असं कारखान्याला का वाटेल? शेवटी युरोपियन युनियनने मे २०१३ पासून ही क्रेडिट्स घेणंच बंद केलं. सहा पोळ्यांवरून दहा पोळ्यांवर जाणारा मुलगा तो हाच.

पवनचक्क्यांचं प्रकरण इतकं उघड नाही, पण प्रश्न तोच. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे पठारावर बजाज ऑटोच्या पवनचक्क्या आहेत, त्यांनीही सीडीएममध्ये नोंदणी केली होती. पवनचक्की स्वच्छ वीज देते याबद्दल वाद नाही. पण त्या काळात पवनचक्कीवर पैसे घालणाऱ्या कंपनीला इन्कम टॅक्समध्ये घसाऱ्याची मोठी सवलत मिळायची. मग क्रेडिटचे पैसे नसते तर ही पवनचक्की उभीच राहिली नसती का? राहिली असती, तर क्रेडिटमुळे जास्तीचं काय झालं? याला म्हणतात अ‍ॅडिशनॅलिटी. मराठीत मी याला 'जास्तीचं काय' असंच म्हणते.

महाराष्ट्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रकल्प मात्र मुंबईतला, बोरिवलीजवळच्या गोराई डम्पिंग ग्राऊंडचा. खाडीच्या काठावर १९७२ पासून मुंबईचा कचरा तिथे पडत होता. २००७ मध्ये कचरा टाकणं थांबलं तेव्हा तिथे सुमारे २३ लाख टनांचा डोंगर होता. ओला कचरा आत दबला की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजताना मिथेन निघतो. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत होतं तेच. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २१ पट तापवतो असा तेव्हाचा आकडा (आता तो २७-२८ च्या आसपास धरतात). महापालिकेने डोंगराला उतार दिला, वरून प्लास्टिकचा थर आणि माती घातली, आत पाइप सोडून गॅस गोळा करायचा आणि जाळायचा असं ठरवलं. मिथेन जाळला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे तापवण्याची ताकद एकदम खाली येते. बेसलाइनचाही फारसा घोळ नाही, कारण एवढा खर्च करून जुना कचरा झाकायला स्वतःहून कोण जाणार होतं?

पण खरी गंमत पैशाची आहे. क्रेडिट मिळतं काम झाल्यावर, मोजणी झाल्यावर, तपासणी झाल्यावर. कॉन्ट्रॅक्टरला मात्र पैसे लागतात आधी. इथे आशियाई विकास बँकेचा एशिया पॅसिफिक कार्बन फंड पुढे आला. त्यांनी होणाऱ्या क्रेडिट्सचे पैसे महापालिकेला आगाऊ दिले, सुमारे २५ कोटी रुपये. उभ्या पिकावर उचल घ्यावी तसं! उचलीत असते तीच जोखीम यातही आहे. आपल्या कचऱ्यात भाजीपाला आणि उरलेलं अन्न जास्त, पाऊस जोराचा, त्यामुळे तो लवकर कुजतो आणि बराच मिथेन झाकण घालायच्या आधीच उडून जातो. युरोप-अमेरिकेच्या कचऱ्यावर बेतलेली गणितं इथे सरळ लागू पडत नाहीत. मॉडेलमध्ये कॉन्स्टंट चुकला की क्रेडिट चुकतं, आणि क्रेडिट चुकलं की कोणाच्या तरी खिशाला भोक पडतं.

आणि मग बाजारच बसला. २००८ मध्ये २० युरोच्या वर गेलेला सीडीएमचा भाव २०१२ च्या शेवटी एका युरोच्याही खाली आला. युरोपात मंदी होती, कारखाने कमी चालत होते, क्रेडिट्स मात्र ढिगाने तयार झालेली. ज्यांनी पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न धरून कर्ज काढलं होतं ते बसले हात चोळत. आमच्या भागातल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. कापसाचा भाव न्यूयॉर्कला ठरतो आणि फटका वरवटला बसतो, हे ते कित्येक वर्षं बघत आलेत.

आताचं चित्र पटकन सांगते. दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये स्वतःचा कार्बन बाजार चालू केला. चीनने जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय बाजार उघडला, आधी फक्त वीजकेंद्रं आणि २०२५ पासून पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमही. जितका धूर त्याच्या कक्षेत येतो त्या हिशेबाने तो जगात सगळ्यात मोठा आहे. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात बदल केला आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांसाठी पहिली टार्गेट्स निघाली. चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंट कारखाने आणि बल्लारपूरची पेपरमिल या क्षेत्रांत मोडतात, म्हणजे विदर्भाचा या बाजाराशी संबंध येणारच. यात एक गोम आहे. आपल्याकडे मर्यादा एकूण धुरावर नाही, टनामागच्या धुरावर आहे. एक टन सिमेंटमागे धूर कमी केला की झालं. सिमेंट दुप्पट बनवलं तरी चालतं. विकसनशील देशाला हे सोयीचं आहे आणि मला ते चूकही वाटत नाही, पण यालाच कोणी 'प्रदूषणावर मर्यादा' म्हणू लागलं तर ते बरोबर नाही.

आता पुन्हा पऱ्हाटीकडे. कॅल्क्युलेटर काढा, हिशेब सोपा आहे. कोरडवाहू कापसाच्या एका एकरात साधारण एक टन वाळलेली पऱ्हाटी निघते असं धरू. उघड्यावर जाळली तर झाडाने हवेतून घेतलेला कार्बन परत हवेत. तीच पऱ्हाटी बंद भट्टीत, जवळजवळ हवा न देता, चार-पाचशे डिग्रीला तापवली की तिचा बायोचार होतो, म्हणजे एक प्रकारचा कोळसा. एक टनाचे अडीचशे किलो. त्यात सत्तर टक्के कार्बन धरला तर १७५ किलो. कार्बनचं वजन १२, कार्बन डायऑक्साइडचं ४४, म्हणून १७५ ला ४४ भागिले १२ ने गुणायचं. उत्तर येतं ६४० किलोच्या आसपास. हा कोळसा मातीत घातला तर शेकडो वर्षं सहसा कुजत नाही. थोडा कुजेल तो वजा, ट्रॅक्टरचं डिझेल वजा, भट्टीची वीज वजा. एकरी अर्धं क्रेडिट राहिलं असं समजा. बायोचारच्या क्रेडिटला सध्या शंभर डॉलरच्या पुढे भाव मिळतो, इतर बऱ्याच क्रेडिट्सच्या कितीतरी पट. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाट्यांतून तयार होणाऱ्या दाखल्याची किंमत झाली चार-साडेचार हजार रुपये.

हा पैसा शेतकऱ्याचा का? नाही. यातूनच भट्टी, वाहतूक, मजुरी, मोजणी, ऑडिटर, नोंदणीची फी. दोन एकरवाला शेतकरी एकटा मायक्रोसॉफ्टला एक क्रेडिट विकू शकत नाही, हजारो शेतकऱ्यांची मोट बांधणारी कंपनी लागतेच. तिने नफा घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण पऱ्हाटी वजनावर विकत घेतली तर शेतकऱ्याला मिळणार जळणाचा भाव, आणि क्रेडिटचा भाव दुप्पट झाला तरी त्याला तेवढेच. क्रेडिटमध्ये टक्केवारी ठरली तर भाव वाढल्यावर त्यालाही मिळेल, आणि पडला तर त्यालाही लागेल. या दोन करारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो बहुधा इंग्रजी कागदाच्या चौथ्या-पाचव्या पानावर असतो.

शिवाय आमच्या भागाचे दोन खास प्रश्न आहेत, जे बाहेरच्या माणसाला सुचणार नाहीत. पहिला चुलीचा. पऱ्हाट्या 'नाहीतरी जाळल्याच असत्या' हे अर्धंच खरं आहे. बऱ्याच घरांत सिलिंडर असलं तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पऱ्हाटीवरच होते. सगळी पऱ्हाटी भट्टीत गेली तर बायकांनी जळण आणायचं कुठून, सातपुड्यातून? तिकडे अंबाबरवा अभयारण्य आहे! इकडे वाचवलेला कार्बन तिकडे झाडं तुटून हवेत गेला, तर याला लीकेज म्हणतात, आणि प्रामाणिक हिशेबात तो वजा करावा लागतो. दुसरा प्रश्न मातीचा. बायोचार बहुतेक वेळा अल्कधर्मी असतो. आम्लयुक्त मातीत त्याने फायदा होतो असं पुष्कळ प्रयोगांत दिसलंय. पण पूर्णेकडची आमची माती आधीच अल्कधर्मी आणि चोपण. तिच्यात हा कोळसा डोळे मिटून टाकायचा का? अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, माती तपासून एक-दोन हंगाम प्रयोग करून मगच ठरवावं. क्रेडिटला कोळसा कोणत्याही मातीत चालतो, पिकाला चालेलच असं नाही.

कागद कच्चा असला तर काय होतं याचं शेतीतलं उदाहरण चीनमध्ये आहे. तिथे भाताच्या खाचरात पाणी कायम न साठवता अधूनमधून सुकवायचं, म्हणजे मिथेन कमी होतो, अशा प्रकल्पांवर क्रेडिट्स दिली गेली होती. तपासणीत 'जास्तीचं काय' हेच सिद्ध होईना, म्हणून व्हेरा या क्रेडिट देणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०२४ मध्ये असे ३७ प्रकल्प नाकारले. प्रकल्प गेला की कंपनी दुसरा प्रकल्प शोधते. शेतकरी त्याच शेतात असतो.

इथपर्यंत आबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हन्जे आपुन धूर कमी केला त पैसे. अन् पानी नाही आलं, यंदा पूर आला, त्याचे?" हा दुसरा पैसा, आणि तोच आमच्या तालुक्यासाठी मोठा आहे. संग्रामपूर तालुक्याचा उत्तरेकडचा भाग, सोनाळा, टुनकी, सातपुड्याच्या पायथ्याचा. तिथे पाणी गोड, संत्रा होतो. खाली पूर्णेकडे आलं की खारपाणपट्टा. बोअर मारला तर खारं पाणी लागतं. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही. किडनीच्या आजारामुळे आमच्या भागाचं नाव कितीदा पेपरात आलं, ते विदर्भातल्या वाचकाला माहीत आहेच. म्हणून तर वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणावी लागली. आणि जुलै २०२३ मध्ये याच तालुक्यात एका दिवसात इतका पाऊस पडला की नाल्याकाठची शेतं मातीसकट खरवडून गेली. ज्या शेतकऱ्याचा स्वतःचा धूर एका मोटारसायकलपुरता, त्याच्या वाट्याला हे दोन्ही.

यासाठी जो पैसा येतो त्याला क्लायमेट फायनान्स म्हणतात, आणि तो संग्रामपूरपर्यंत खरंच आलाय. नाव ऐकलं असेल, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी 'पोकरा'. फेब्रुवारी २०१८ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर मंजूर केले, राज्य सरकारची भर धरून सुमारे ४,००० कोटी रुपये. मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भाचे सहा (त्यात बुलढाणा) आणि जळगाव. एकूण ५,१४२ गावं. दुष्काळी गावांबरोबर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली सुमारे नऊशे गावं त्यात मुद्दाम घेतली होती. शेततळी, तुषार संच, रुंद सरी-वरंब्यावर पेरणी, कमी पाण्यावर येणारं बियाणं. खारपाणपट्ट्यात शेततळं म्हणजे चैन नाही. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून वरून पडलेलं गोड पाणी तिथेच धरून ठेवायचं, आणि ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की सोयाबीनला तेच द्यायचं. गावाला किती पाऊस मिळाला, किती वाहून गेला, पिकाला किती लागणार, असा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवायला आयआयटी मुंबईने मदत केली. इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे काम बघायला हवं, आपल्या प्रोजेक्टच्या लाइन फॉलोइंग रोबोपेक्षा निश्चित उपयोगाचं!

दोन गोष्टी मात्र खटकतात. एक म्हणजे अनुदान खात्यात जमा होतं ते आधी स्वतःच्या खिशातून खर्च केल्यावर. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत त्याचं शेततळं आधी होतं. गोराईला जशी आगाऊ उचल मिळाली तशी शेतकऱ्याला का नाही? दुसरी गोष्ट मोठी. ते ४२ कोटी डॉलर भेट नाहीत, कर्ज आहे, महाराष्ट्र ते फेडणार. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. तो आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातही सरकारी पैशाचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग कर्जाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूला नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच तो अपुरा म्हणून नाकारला. माझं मत विचाराल तर भारताचं बरोबर होतं. शेजाऱ्याच्या बंधाऱ्यामुळे आपल्या वावरात पाणी शिरलं आणि शेजारी म्हणाला, "पंप घे, मी व्याजाने पैसे देतो," तर त्याला आपण मदत म्हणू का?

तरीही पोकरातून एक गोष्ट गावात उरली आहे, जिचा पऱ्हाटीच्या वेळी उपयोग होऊ शकतो. प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती झाली. सरपंच, शेतकरी, महिला अशी माणसं बसून गावाचा आराखडा करायला शिकली. उद्या कोणतीही कंपनी पऱ्हाट्यांसाठी आली, तर तिने एकेका शेतकऱ्याची सही धुऱ्यावर घेण्यापेक्षा अशा समितीसमोर किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसमोर बसावं. करार मराठीत असावा. किती वर्षांसाठी बांधले जाणार, मधेच कापूस सोडून हरभरा-तूर घ्यायची असेल तर काय, क्रेडिट नाकारलं गेलं तर दिलेले पैसे परत मागणार का, गावातल्या चुलींसाठी किती पऱ्हाटी बाजूला ठेवणार, तयार झालेला कोळसा कोणाच्या वावरात जाणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं.

आणि वजन कोणत्या दिवशी करायचं, तेही. आजची उपटलेली पऱ्हाटी ओली असते, पंधरा दिवस उन्हात पडली की तिचं वजन चांगलंच उतरतं. क्रेडिटचा हिशेब होतो कोरड्या वजनावर, शेतकरी बोलतो ट्रॉलीवर. पैसे कमी मिळाले म्हणून होणारं पहिलं भांडण इथेच होणार. ओलावा मोजायचा मीटर काही हजारांत मिळतो आणि तो वापरायला दहावी पास मुलगा-मुलगी पुरे. तो मीटर कंपनीचा असू नये, गावाचा असावा.